त्रिवेणीपासून दोन मीटर

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

ही वही मी जपानसाठी घेतली होती. पहिल्या पानावर लाल शाईत ‘फुकुशिमा’ लिहून खाली दोन रेघाही मारल्या आहेत. पान फाडलं तर मागचं पानही सुटेल, म्हणून राहू दिलं.

अणुभट्टीच्या अपघातानंतर तिथल्या ओस पडलेल्या गावांत एक दिवस फोटो काढायची परवानगी आमच्या सहा जणांच्या गटाला मिळाली होती. पाच नोव्हेंबरचं विमान. सहा महिने मी त्याचाच अभ्यास करतोय. हैदराबादच्या आबिड्समध्ये पासपोर्ट फोटो काढत बसलेल्या माणसाला असा योग काय रोज येतो! किरणोत्सर्गी जागेत फोटोग्राफरनं कसं वागावं, हे आता मी झोपेतही सांगू शकेन. जमिनीला काही टेकवायचं नाही, ना गुडघा, ना बॅग. लेन्स आत बदलायची नाही. धूळ सेन्सरवर बसली की कॅमेरा गेला कामातून. सगळा कॅमेरा प्लास्टिकमध्ये, फक्त लेन्सचं तोंड उघडं आणि त्याच्यावर फेकून देता येईल असा फिल्टर. कापडी पट्टा धूळ धरतो, तो नको. पूर्ण बाह्या, मास्क, हातमोजे. बाहेर आल्यावर बुटापासून टोपीपर्यंत सगळ्यावरून किरण मोजायचा काउंटर फिरवायचा.

आज तिकीट रद्द केलं.

माझ्या बायकोच्या, त्रिवेणीच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी ऑगस्टमध्ये काढली. कॅन्सर होता आणि तो मानेतल्या दोन गाठींपर्यंत पोचला होता. आता तीन नोव्हेंबरला तिला किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी देणार. उरलंसुरलं असेल ते ती गोळी जाळेल. सातव्या दिवशी स्कॅन, म्हणजे तो आणखी कुठे गेलाय का ते दिसेल. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गोळी घेतल्यावर काही दिवस हिच्या अंगातून किरण बाहेर पडतील. मी विचारलं, “किती मायक्रोसीव्हर्ट?” मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. त्रिवेणीनं टेबलाखालून पाय मारला.

घरी आल्यावर म्हणाली, “जा की तुम्ही जपानला. मी काय पळून जातेय?”

मी म्हटलं, कॅमेऱ्याला प्लास्टिकची कव्हरं दोन आणायला हवीत, एक फाटलं तर दुसरं.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी आणि पथ्य एकाच दिवशी सुरू झालं. पंधरा दिवस आयोडीन अजिबात नाही. दूध नाही, दही नाही, अंडं नाही, आणि रोजचं मीठ तर नाहीच. आयोडीन नसलेलं मीठ शोधत बेगमबाजार पालथा घातला. दुकानदार सगळे मला पाकिटावरचं आयोडीनचं चिन्ह बोट ठेवून दाखवत होते आणि मी मान हलवत होतो. एकानं शेवटी गुरांसाठीचं दाखवलं, तेव्हा मी हात जोडले. पाचव्या दुकानात मिळालं.

माझी गंगूआत्या देगलूरहून मदतीला आली आहे. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठावीसचा. तिनं त्रिवेणीसाठी वेगळ्या मिठाची वेगळी चकली केली. मी चुकून त्यातल्या चार खाल्ल्या, तेव्हापासून डबा तिच्या उशाशी आहे.

त्रिवेणीच्या थायरॉइडच्या गोळ्या बंद केल्यात, गोळीला जागा करून द्यायला. त्यामुळे तिला सारखी थंडी वाजते, ती हैदराबादच्या ऑक्टोबरमध्ये स्वेटर घालून बसते. लक्ष्मीपूजनाला आरती म्हणता म्हणता तिला डुलकी लागली. मी पणत्यांच्या उजेडात एक फोटो घेणार होतो, पण कॅमेरा तसाच खाली ठेवला.  उजेड कमी होता.

२५ ऑक्टोबर, शनिवार

काउंटर आला! साबणाच्या वडीएवढा आहे. दर किरणाला टिक करतो. मुलगी श्रुती फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्ही आईसाठी घेतलात की जपानसाठी?” मी म्हटलं, विज्ञानासाठी. तिला सातवा महिना आहे. म्हणून तिला पुण्याहून येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय. फोनवर रोज रडते, मग आईच तिला गप्प करते.

घराची मोजणी केली. हॉल: टिक, टिक. देवघर: तेच. स्वयंपाकाचा ओटा जरा जास्त, कारण ग्रॅनाइट, तोही थोडे किरण सोडतो. कॅमेऱ्याच्या कपाटात मात्र काउंटर अचानक रिक्षाच्या इंजिनासारखा सुरू झाला. बंद करून पुन्हा लावला. तेच. विचाराअंती कळलं की कपाटामागची भिंत जुन्या दगडाची आहे आणि हैदराबाद सगळं ग्रॅनाइटवरच बसलेलं आहे. आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग ओटाही दगडाचाच आहे की रे. तो काहून असा बोंबलत नाही?” विज्ञान न शिकलेल्या माणसाशी वाद घालणं कठीण असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

दवाखाना. शिशाच्या डबीत शिशाची डबी, तिच्यात गोळी. सर्दीवर घेतो तसली साधी कॅप्सूल! लांब चिमट्यानं उचलून दिली. त्रिवेणीनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळली आणि म्हणाली, “बस, इतकंच?”

मग जाड दार लागलं. आता तीन दिवस ती आत एकटी.

इथले किरण-सुरक्षेचे अधिकारी नरसिंगराव, मोठ्या मिशांचे गृहस्थ. माझी बॅग बघून म्हणाले, “क्या साब, इत्ता प्लास्टिक कायकू? बारिश आने वाली है क्या?” मी त्यांना फुकुशिमाचे नियम सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, एवढा संयम मी कुठल्या नवरदेवातही पाहिलेला नाही. मग तीन बोटं दाखवली. “टाइम, दूरी, और बीच में आड. थोडा टाइम रुको, दूर रुको, बीच में कुछ रखो. बाकी टेन्शन नक्को.” त्यांच्या श्रीमती माहेरच्या विद्यानगरच्या, म्हणजे आमच्या नल्लकुंट्याच्या शेजारच्याच निघाल्या, त्यामुळे फोन नंबरही दिला.

आतल्या खोलीचं चित्र बाहेर पडद्यावर दिसतं. त्रिवेणीनं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. कॅमेरा फार वर लावलाय. डोकं मोठं आणि पाय बारीक दिसतात. मी तक्रार करणार होतो.

४ नोव्हेंबर

पडद्यासमोर बसलो. तिनं लिंबाच्या गोळ्या चघळल्या, कोडं सोडवलं, झोपली. मी तिच्याकडे सलग इतका वेळ याआधी कधी बघितलं होतं, आठवत नाही. फोकसही धूसर होता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

त्रिवेणी घरी आली! मागची खोली तिची. वेगळं ताट-वाटी, वेगळं अंथरूण, कपडे वेगळे धुवायचे, संडासात दोनदा पाणी सोडायचं, आणि पंधरा तारखेच्या आत कुणी तिच्यापासून दोन मीटरच्या आत रेंगाळायचं नाही. मी हे सगळं मोठ्या कागदावर लिहून, शीर्षक देऊन, आत्याला वाचून दाखवायला लागलो.

तिसऱ्या नियमाला आत्या म्हणाली, “म्हंजे बाहेर बसायचं की. एवढं लांबण कशाला लावतोस?”

आणि तिनं ताबा घेतला. टेप न लावता, खाटेपासून पावलं मोजून खोलीच्या दाराशी रांगोळीची रेघ ओढली. मी नंतर मोजली. एक मीटर अठ्ठ्याण्णव. भाकरी ताटाला हात न लावता वरून अशी सोडते की चुरासुद्धा उडत नाही. कपडे काठीनं उचलते. बाहेर आली की आधी पाय, मग हात. जपानच्या पुस्तिकेत जे चाळीस पानांत आहे ते हिच्या अंगात मुरलेलं आहे. मी तसं म्हटलं, तर तोंड वाकडं करून म्हणाली, “चाळीस वर्षं महिन्याला चार दिवस कोपऱ्यात काढले बाबा. तवा अंगात काही नव्हतं, तरी बसवत होते. आता खरंच काही आहे, तर तुला कागद लागतो.”

आतून त्रिवेणी म्हणाली, “आत्या, आमच्या श्रुतीला मी एकदाही बसवलं नाही हं.”

“बरं केलंस,” आत्या म्हणाली. “मलाबी कोणी विचारलं असतं तर मी बसले नसते.”

मग दोघी बराच वेळ आतून-बाहेरून बोलत बसल्या. मी कागद भिंतीला चिकटवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिवेणी म्हणाली, “श्रुतीला माझा फोटो पाठवा. फोनवरचा नको, नीट काढा. ती रडरडून बेजार आहे, तिला दिसू दे मी धडधाकट आहे ते.” आणि लगेच, “लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. गावभरच्या नवऱ्या झाल्या, माझा एक तरी फोटो सरळ काढलाय का?”

मी तयारीला लागलो. करोनाच्या वेळचा पांढरा झगा, मास्क, दोन हातमोजे, डोळ्यांना चष्मा. कॅमेरा प्लास्टिकमध्ये आणि त्याच्यावर वडिलांची जपानी लेन्स. साठ वर्षांची आहे, पण तिच्यासारखी सोनेरी छटा आजच्या लेन्सना येत नाही. स्टुडिओची कीर्ती तिच्यावरच उभी आहे. नवऱ्या लांबून लांबून येतात. हळद लागल्यासारख्या दिसतात सगळ्या.

मी रेघेवर उभा राहिलो. त्रिवेणीनं मला बघितलं आणि हसू आवरेना. पहिले वीस फोटो हलले. अंजिरी साडी नेसली होती. गळ्यावरचा व्रण दिसत होता, म्हणून मी म्हटलं, पदर जरा वर घे.

“कशाला?” ती म्हणाली. “आहे तो आहे.”

छायाचित्राच्या दृष्टीनं व्रण खटकतो. डोळा तिथेच जातो. साठ फोटोंत माझा डोळा तिथेच जात होता.

बाहेर येऊन नियमाप्रमाणे काउंटर फिरवला. झगा ठीक, बूट ठीक, हातमोजे ठीक. रेघेवरून त्रिवेणीकडे धरला तर आकडा तीन. कॅमेऱ्याला टेकवला, तर नऊ!

पुसला. नऊ. प्लास्टिक काढून फेकलं. नऊ.  म्हणजे दोन मीटरांवरून तिच्यातलं आयोडीन माझ्या कॅमेऱ्यात शिरलं! तिच्या श्वासातून आलं की काय? मग तिच्या आत किती असेल? कॅमेरा बादलीत घालून गच्चीवर ठेवला, वर घमेलं, घमेल्यावर वीट.

८ नोव्हेंबर, शनिवार

तीनदा अंघोळ केली. आत्यानं चौकशी आयोग बसवला: कॅमेरा कशाला शिवला, कोण शिवलं, आधी कोण, नंतर कोण. तिच्या हिशेबात कुठेच विटाळ बसत नव्हता. “रेघ ओलांडली नाही, भिंतीला टेकला नाही. मग हे आलं कुठून? तुझ्या डबड्याचीच काही तरी खोड आहे.” मी ऐकलं नाही. नरसिंगरावांना फोन केला.

त्रिवेणीनं आतून विचारलं, “फोटो कसे आलेत?” मी म्हटलं, कार्डसुद्धा बादलीत आहे. 

९ नोव्हेंबर, रविवार

नरसिंगराव सकाळी स्वतः आले. विटेला बघितलं, घमेल्याला बघितलं, मला बघितलं. बादलीतून कॅमेरा काढून खाली हॉलमध्ये आणला, लेन्स वेगळी केली. कॅमेऱ्याला काउंटर लावला: टिक... टिक. लेन्सला लावला. रिक्षा सुरू.

लेन्स उजेडात धरून ते म्हणाले, “साब, काच पीला पडा ना?”

“पीला नाही,” मी म्हटलं, “सोनेरी.”

“हौ, सोनेरी. ये पुराना काच है. पहले काच में थोरियम डालते थे, तस्वीर अच्छी आने के वास्ते. वो खुद किरण छोडता, और उसी से काच पीला होता. मेमसाब का कुछ नहीं है इसमें. ये तुम्हारे अब्बा के जमाने से चलरा.”

मी खुर्चीत बसलो. तीस वर्षं ती लेन्स मी छातीशी धरून हिंडलोय. कपाटामागची भिंत बिचारी निष्पाप होती. मी विचारलं, “मला काही...?”

“कुछ नहीं होता. तोडो नक्को, घिसो नक्को, तकिये के नीचे रख के सोओ नक्को.” मिशीखाली हसत होते. “बीवी से दूर, और इसको गले लगा के फिररें तुम!”

मागच्या खोलीत त्रिवेणी हसायला लागली. गेल्या दोन महिन्यांत ती अशी हसली नव्हती. हसता हसता खोकला, मग पुन्हा हसू. आत्या ओट्याशी उभी राहून, “मी म्हटलं नव्हतं, दगडाला काहून दोष देतो?” हे पुन्हा पुन्हा म्हणत होती. नरसिंगरावांनी आयोडीन नसलेल्या मिठाच्या दोन चकल्या खाल्ल्या आणि मीठ कमी आहे असं कुणाला कळू न देता गेले. सज्जन माणूस.

ते गेल्यावर मी रेघेवर जाऊन उभा राहिलो. झगा नव्हता. त्रिवेणी डोळे पुसत होती. म्हणाली, “अहो, एक सांगू? तुम्ही किरणांना भ्याला नाहीत. उद्याच्या स्कॅनला भ्यालात.”

मी म्हटलं, तसं काही नाही.

“मीपण भ्यालेय,” ती म्हणाली. “पण मला एकटीलाच भ्यायला लावू नका. तुम्ही दिवसभर प्लास्टिकशी बोलता.”

 उद्या टॅक्सी साडेआठला येणार आहे. ती मागे बसेल, मी पुढे, काचा उघड्या. काउंटर बॅगेत ठेवला होता, तो काढून कपाटात ठेवला.

१० नोव्हेंबर, सोमवार

क्रमानं लिहितो, नाहीतर जमणार नाही.

साडेदहाला तिला आत नेलं. दोन मोठ्या चपट्या पेट्या, एक वर, एक खाली, मध्ये त्रिवेणी. मी नरसिंगरावांना विचारलं, यात दिवा कुठे आहे? ते म्हणाले, दिवा नाही. यंत्र काही सोडत नाही, फक्त घेतं. जे किरण तिच्या अंगातून येतात त्यांनीच चित्र उमटतं. जिथे आयोडीन जाऊन बसलंय तिथे डाग.

पाऊण तासानं डॉक्टर मॅडमनी मला पडद्यासमोर बोलावलं. पांढऱ्यावर करडी आकृती, डोक्यापासून पायांपर्यंत. ना नाक, ना डोळे. पासपोर्ट कचेरीनं परत पाठवला असता असा फोटो. पण खांद्यांचा उतार तिचा होता. उजवा जरा खाली, लग्नातल्या फोटोतही तसाच आहे. मी लगेच ओळखलं.

मग डाग दिसले. गळ्याशी एक, काळाभोर. तोंडापाशी. पोटात. खाली आणखी एक. मी मोजले, चार. पुन्हा मोजले. मॅडम काहीतरी बोलत होत्या आणि मला ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, “चार ठिकाणी?”

“नाही नाही,” त्या घाईनं म्हणाल्या. “तोंड, पोट, मूत्राशय, ही आयोडीनच्या जायच्या वाटेवरची ठिकाणं. सगळ्यांचीच दिसतात. आपलं फक्त हे गळ्यातलं, जे राहिलं होतं ते. तिथे गोळी बरोबर पोचलीये, तेच हवं होतं.”

“फुप्फुसं?”

“कोरी.”

“मोठं करून दाखवा.”

त्यांनी केलं. कोरी. मी म्हटलं, आणखी मोठं करा. त्यांनी तेही केलं. “हाडं?” कोरी. “सहा महिन्यांनी तपासू, पण मी खूश आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही बसता का जरा?”

मी बसलो नाही. गळ्यातल्या त्या डागाकडे बघत राहिलो, तीन दिवसांपूर्वी पदरानं झाक म्हणालो होतो त्याच जागी. तीस वर्षांत मी काढलेल्या एकाही फोटोकडे मी इतका वेळ बघितलेलं नाही.

बाहेर आलो तर त्रिवेणी लांब बोळाच्या दुसऱ्या टोकाला, एकटीच्या बाकावर, स्वेटर घालून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी लांबूनच मान हलवली, मग लक्षात आलं की मान कशीही हलवली तरी अर्थ लागत नाही, म्हणून ओरडलो, “कोरं आहे! सगळं कोरं आहे!” बोळातले सगळे लोक वळले. मी भ्यालो होतो. ऑगस्टपासून रोज भ्यालो होतो, ते आता रडू होऊन आलं आणि मी तिच्याकडे धावलो.

त्रिवेणीनं हात पुढे करून पंजा उभा धरला, ट्रॅफिकच्या पोलिसासारखा.

“तिथेच! दोन मीटर!” ती म्हणाली. तिचाही चेहरा ओला होता. “अजून पाच दिवस आहेत.”

“अगं, पण...”

“नियम कुणी लिहून भिंतीला चिकटवलेत?”

मी थांबलो. नीट दोन मीटरांवर, अंदाज चुकत नाही आता. तिथे उभा राहून रडलो आणि ती तिथे बसून. मधल्या जागेतून एक आया बादली घेऊन गेली, दोघांकडे आळीपाळीनं बघत.

शनिवारी पंधरा तारीख. त्या दिवशी स्टुडिओ बंद राहील. पाटीवर कारण काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.